कलियुग संपत का नाही?



जगाच्या अंताविषयी धर्मांमध्ये काय काय समजुती आहेत, असा आजचा विषय जाहीर झालेला आहे. विषय एवढा मोठा आहे, की प्रत्येक धर्माच्या दारात नुसतं डोकावून यायचं म्हटलं तरी रात्र होईल आणि हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच समजूत घेणार आहे. ती परकी नाही, आपल्या रोजच्या तोंडातली आहे. कलियुग.

मुलीनं स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं, की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘कलियुग आहे बाबा.’ दुधात पाणी निघालं, कलियुग. मुलगा उलटून बोलला, कलियुग. पाऊस लांबला, तरी कलियुग. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो जगाच्या अंताविषयीच्या एका सविस्तर सिद्धान्ताचा भाग आहे हे आपण विसरून गेलो आहोत. कृत, त्रेता, द्वापर, कली अशी चार युगं, प्रत्येकात धर्माचा एकेक पाय तुटत जाणार, कलीत तो एका पायावर उभा राहणार, शेवटी कल्की येणार, दुष्टांचा संहार होणार आणि पुन्हा कृतयुग सुरू होणार. सगळं जग जळून-बुडून जाण्याचा मोठा प्रलय त्याच्याही पुढे, अशी हजार चौकडी झाल्यावर. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर कलियुगाचा शेवट हा विश्वाचा शेवट नाही, आपल्या ओळखीच्या जगाचा शेवट आहे. पण माणसाला भीती वाटते ती ओळखीच्या जगाचीच. तेव्हा आजच्या विषयात हे बसतं.

आता माझा प्रश्न. हा मूळ प्रश्न माझा नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. त्यांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात कलियुगावर एक प्रकरण आहे. ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनानं १९८७ साली तो प्रसिद्ध केला. त्यातल्या राम-कृष्णांवरच्या मजकुरावरून मोठं वादळ उठलं, मोर्चे निघाले, आणि त्या धुरळ्यात हे कलियुगाचं प्रकरण फारसं कुणी वाचलंच नाही. बाबासाहेब तिथं विचारतात, कलियुग न संपणारं का करून ठेवलं? ते अधर्माचं युग आहे म्हणता, मग ते लवकर संपावं असं वाटायला हवं. उलट त्याची लांबी वाढवत का नेली?

हा प्रश्न आपण आज जरा तपासून बघू. आधी हिशेब बघू या.

मनुस्मृतीत आणि महाभारतात युगांचे आकडे असे आहेत: कृत ४८००, त्रेता ३६००, द्वापर २४०० आणि कली १२००. बेरीज १२,०००. यात प्रत्येक युगाच्या आधीची आणि नंतरची संधीची वर्षंही धरलेली आहेत. कलीची मूळ हजार आणि दोन्ही बाजूंची शंभर-शंभर. ही वर्षं माणसांची की देवांची? टीकाकार म्हणतात देवांची. माणसाचं एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र. म्हणजे १२०० ला ३६० नं गुणायचं. उत्तर येतं ४,३२,०००. आणि चारी युगांची बेरीज ४३,२०,०००. हाच आकडा पुढे पुराणांत आणि ज्योतिषग्रंथांत स्थिर झाला. पण हे आकडे मुळात साध्या मानवी वर्षांचेच असावेत आणि गुणाकार नंतरचा असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे, आणि बाबासाहेबांचा रोखही तोच आहे. १२०० वर्षांचं युग माणसाच्या कल्पनेत मावतं. त्याचा शेवट नातवंडा-पणतवंडांच्या टप्प्यात येऊ शकतो. चार लाख बत्तीस हजारांचा शेवट कुणाच्याच टप्प्यात येत नाही.

सुरुवात कधी धरतात? इसवीसनपूर्व ३१०२, फेब्रुवारी महिना. ही तारीख ज्योतिषाच्या गणितातून आलेली आहे. आर्यभट सांगतो, की कलियुगाची ३६०० वर्षं झाली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. ते साल निघतं इ.स. ४९९. पुढे चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याचा ऐहोळेचा शिलालेख, कवी रविकीर्तीचा. त्यात भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षं झाली असं म्हटलं आहे आणि सोबत शक ५५६ दिलं आहे. म्हणजे इ.स. ६३४. त्याच शिलालेखात ९९ हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा उल्लेख येतो. गंमत बघा, आपल्या मुलखाचं नाव ज्या जुन्या लेखांत सापडतं, त्यातल्या एका महत्त्वाच्या लेखावर कलिकालाची मोजणी कोरलेली आहे. आजही पंचांग उघडा, कलियुगाची किती वर्षं गेली हे पहिल्या पानांत कुठेतरी असतंच. पाच हजारांच्या वर थोडी गेली. सव्वा टक्कासुद्धा भरत नाही. उरलेली चार लाख सव्वीस हजारांहून जास्त.

इथं आर्यभटाची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यानं चारी युगपाद सारख्या लांबीचे धरले. ४३,२०,००० भागिले चार, प्रत्येकी १०,८०,०००. ज्योतिष्याला ग्रहांच्या फेऱ्या पूर्ण आकड्यांत बसवण्यासाठी मोठी संख्या हवी असते, ती त्यानं घेतली. धर्माचा पाय तुटतो, म्हणून युग आखूड होतं, हा भाग त्याच्या गणितात नाही. पुढे ब्रह्मगुप्तानं यावरूनच त्याला धारेवर धरलं, की हे स्मृतींना सोडून आहे. म्हणजे मोठ्या आकड्याचं सगळं श्रेय किंवा सगळा दोष एकाच गटाला देता येत नाही. आकडा वाढवण्यात गणिताची सोय होती. बाबासाहेबांच्या प्रश्नात ‘कुणीतरी जाणूनबुजून हे केलं’ असा जो सूर आहे, तो हेतू सिद्ध करणं कठीण आहे, असं मला वाटतं. पण हेतू सिद्ध झाला नाही म्हणून प्रश्न निकालात निघत नाही. हेतू कुणाचा ते सोडून द्या. त्याचा उपयोग कुणाला झाला ते विचारा. ते तर कागदावर आहे.

तिकडे वळण्याआधी एक तुलना. शेवटाची तारीख जवळ आणली तर काय होतं? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, बाप्टिस्ट पंथाचा. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष असं धरून त्यानं हिशेब मांडला, की ख्रिस्ताचं पुनरागमन १८४३-४४ च्या सुमारास होणार. पुढे त्याच्या अनुयायांत नेमकी तारीख ठरली, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक वाट बघत बसले. २३ तारखेचा सूर्य नेहमीसारखा उगवला. इतिहासात याला ‘महान निराशा’ म्हणतात. बरेच लोक सोडून गेले. काहींनी अर्थ बदलला: तारीख बरोबरच होती, पण घटना पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात घडली. त्या प्रवाहातून १८६३ साली सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट हा पंथ रीतसर उभा राहिला. आपल्या पुण्यात औंधला स्पायसर नावाची संस्था आहे ना, ती याच पंथाची.

मिलरला हसणं सोपं आहे. पण त्याचं एक मान्य करा. त्यानं पैज लावली आणि हरला. त्याचं म्हणणं खोटं ठरण्याची सोय होती. २३ ऑक्टोबरला एखादा साधा माणूस उठून म्हणू शकत होता, ‘गुरुजी, चुकलं.’ चार लाख बत्तीस हजार वर्षांच्या युगाला हे कोण म्हणणार? ते खोटं ठरत नाही, म्हणून ते भाकीत म्हणून चालतच नाही. ते दुसऱ्याच कशासाठी तरी चालतं. आरोपासाठी. वर्तमानात जे आवडत नाही त्याच्यावर ‘हे अंताचं लक्षण’ असा शिक्का मारण्यासाठी. शेवट जितका लांब, तितका शिक्का टिकाऊ.

आता तो शिक्का कशाकशावर मारला आहे ते वाचू. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय युधिष्ठिराला कलियुग वर्णन करून सांगतो. विष्णुपुराणात चौथ्या आणि सहाव्या अंशात वर्णन आहे. भागवताच्या बाराव्या स्कंधात आहे. मी श्लोक म्हणून दाखवत नाही, यादीचा गोषवारा सांगतो.

यादीत एक भाग असा: पाऊस पडणार नाही. धान्य पिकणार नाही. राजे चोरासारखे कर उकळतील. करांना कंटाळून लोक डोंगरदऱ्यांत पळून जातील आणि कंदमुळं, मध खाऊन राहतील. माणसाचं आयुष्य घटेल. संपत्ती हेच कुळ आणि हाच गुण मानला जाईल. ज्याच्या हाती बळ त्याचाच न्याय.

हा भाग वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. कारण यात खरी माणसं दिसतात. करवसुलीला भिऊन गाव सोडणारं कुटुंब कुठल्यातरी लेखकानं पाहिलेलं असलं पाहिजे. हे दैवी ज्ञान नाही, हा पंचनामा आहे.

आणि त्याच यादीत, त्याच श्वासात, दुसरा भाग: शूद्र धर्म सांगतील. शूद्र संन्याशाचा वेश घेऊन दान घेतील. ब्राह्मण शूद्रांची कामं करतील. शूद्र राजे होतील. बायका नवऱ्यांचं ऐकणार नाहीत. आणि भागवतातलं एक लक्षण तर ऐकाच: लग्नाला परस्परांची आवड एवढंच कारण पुरेसं होईल.

थांबा इथं जरा. दोघांनी एकमेकांना पसंत करून लग्न करणं हे जगबुडीचं लक्षण! हे जर लक्षण असेल, तर या सभागृहात बसलेल्या निम्म्याअधिक लोकांनी कलियुगाला हातभार लावलेला आहे.

माझा मुख्य आक्षेप हा आहे. दुष्काळ आणि शूद्रानं शिकवणं हे एकाच यादीत, एकाच वजनाचं म्हणून मांडलेलं आहे. एकात माणसं मरतात. दुसऱ्यात कुणाचा तरी मान कमी होतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की पहिल्याचं दुःख दुसऱ्याला चिकटतं. ऐकणाऱ्याच्या मनात बसतं, की पाऊस थांबला याचा आणि खालच्यानं डोकं वर काढलं याचा काहीतरी संबंध आहे. साहित्य म्हणून बघितलं तर ही या वर्णनाची सगळ्यांत परिणामकारक युक्ती आहे. आणि नीती म्हणून बघितलं तर सगळ्यांत वाईट.

कुणी म्हणेल, पण बघा ना, सगळं खरं ठरलं! हल्ली फोनवर असे संदेश फिरतात. ‘पाच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली कलियुगाची भाकितं.’ याचं उत्तर खुद्द पुराणांतच आहे. विष्णुपुराणात पराशर ऋषी मैत्रेयाला भविष्यातले राजे सांगतात. नंद होतील, मौर्य होतील, शुंग होतील, आंध्र होतील. सगळं भविष्यकाळात. आणि ही यादी गुप्तांच्या आरंभाच्या आसपास येऊन थांबते. पुढचे हर्ष, पुलकेशी, यादव, कुणीच नाहीत. एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ साली कलियुगातल्या राजवंशांचे पुराणपाठ एकत्र करून छापले, ते बघून कुणालाही हे पडताळता येतं. जिथं भविष्य थांबतं तिथं लिहिणारा उभा असतो. राजांबद्दल जे, तेच लक्षणांबद्दल. रामशरण शर्मा यांनी कलिवर्णनं तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपासच्या सामाजिक अरिष्टाची खूण म्हणून वाचली. त्यांच्या प्रत्येक तपशिलाशी सहमत व्हायची गरज नाही, पण दिशा पटण्यासारखी आहे. शूद्र धर्म सांगतील असं कुणी लिहितो, याचा अर्थ त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी शूद्र धर्म सांगत होता. बाई ऐकत नाही असं लिहितो, म्हणजे कुठलीतरी बाई ऐकत नव्हती. भविष्यकाळ हा व्याकरणातला आहे, काळातला नाही.

इतकं नुसतं पुस्तकातच राहिलं असतं तर मी तुमची संध्याकाळ घेतली नसती. पण कलियुग कायद्यात शिरलं. धर्मशास्त्रात ‘कलिवर्ज्य’ नावाचं प्रकरण आहे. म्हणजे पूर्वी शास्त्रात चालत होत्या, पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टी. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या यादीची सविस्तर छाननी केली आहे. त्यात अश्वमेध आहे, नरमेध आहे, पाहुण्यासाठी गाय मारणं आहे, नियोग आहे. आणि विधवेचं लग्न, वेगळ्या वर्णात लग्न, समुद्रप्रवास केलेल्या द्विजाला परत व्यवहारात घेणं, हेही आहे. काणे यातून काढतात तो निष्कर्ष महत्त्वाचा आहे: ज्यांना आपला धर्म कधी बदललाच नाही असं वाटतं, त्यांना कलिवर्ज्य हे उत्तर आहे. नियम बदलले, आणि बदलताना युगाचं निमित्त सांगितलं.

नरमेध बंद झाला, चांगलं झालं. पण त्याच निमित्तानं विधवेचं लग्नही बंद झालं. बघा, पुन्हा तीच यादी करण्याची रीत. वाईट गोष्टीच्या शेजारी नकोशी गोष्ट बसवायची.

१८५५ साली कलकत्त्यात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हा डाव उलटवला. ते म्हणाले, कलियुग आहे ना? मग कलियुगासाठी पराशरस्मृती प्रमाण, असं तुमचीच परंपरा सांगते. आणि पराशर तर काही आपत्तींत स्त्रीला दुसऱ्या पतीची मुभा देतो. समोरचे म्हणाले, कलिवर्ज्यात निषेध आहे. दोन्ही पक्ष कलियुगाचं नाव घेऊन भांडत होते. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. इकडे महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचं पुस्तक मराठीत आणलं आणि १८७० साली पुण्यात या प्रश्नावर शास्त्र्यांचा मोठा वाद झाला. एका मुलीनं उरलेलं आयुष्य केस काढून अंधाऱ्या खोलीत काढायचं की नाही, हे ठरवताना पंडित मंडळी कितवं युग चालू आहे याचा विचार करत होती. हे मी उपहासानं म्हणत नाही. तसंच घडलं.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. पुराणांत असं सांगितलं आहे, की महापद्म नंदानं सगळे क्षत्रिय संपवले आणि त्यापुढचे राजे शूद्र. यावरून धर्मशास्त्रातल्या एका प्रवाहानं ठरवलं, की कलियुगात दोनच वर्ण उरले, पहिला आणि शेवटचा. मधले क्षत्रिय नाहीत. आता हा सिद्धान्त जमिनीवर आणून बघा. ६ जून १६७४, रायगड. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाआधी त्यांचं मौंजीबंधन करावं लागलं, काशीहून गागाभट्टांना आणावं लागलं. ज्यानं राज्य उभं केलं त्याला आपण क्षत्रिय आहोत हे कागदोपत्री सिद्ध करावं लागलं. आणि दोन शतकं उलटून गेल्यावर, १८९९ साली, कोल्हापूरला पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले. वेदोक्त नाही, कारण महाराज शूद्र. त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं. राजोपाध्यांचं वतन जप्त होण्यापर्यंत गेलं. आणि १९०२ च्या २६ जुलैला शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मागासवर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. यादी आठवते ना? शूद्र अधिकारावर येतील. हो, आले. त्याला कलियुग म्हणायचं की न्याय?

त्याच्याही आधी, १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. शूद्र शिकवतोय, आणि बाई शिकवतेय. एका छपराखाली दोन्ही लक्षणं पुरी! जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त, १८७३ साली, अवतारांच्या कथा उलट्या बाजूनं वाचल्या आणि वामनानं पाताळात घातलेल्या बळीला आपला राजा मानलं. आपल्याकडे सणाला ओवाळताना बळीचं राज्य येवो असं आजही बायाबापड्या म्हणतात. जरा विचार करा, हीसुद्धा जगाच्या अंताविषयीचीच समजूत आहे. चालू व्यवस्था जाऊन चांगला राजा परत येणार, ही. फक्त ती खालून बघितलेली आहे. कल्कीची वाट बघणारा म्हणतो, शूद्र राजांचा नाश होऊन जुनी घडी परत बसो. बळीची वाट बघणारा म्हणतो, ती घडी मोडो. एकाचा अंत तो दुसऱ्याचा आरंभ.

आता नाण्याची दुसरी बाजू, नाहीतर मी एकांगी बोललो असं होईल. ज्या विष्णुपुराणात ती कठोर यादी आहे, त्याच्याच सहाव्या अंशात एक विलक्षण प्रसंग आहे. ऋषींमध्ये वाद चाललाय, की थोड्या धर्मानं मोठं फळ कोणत्या काळात मिळतं. ते व्यासांकडे जातात. व्यास गंगेत स्नान करताहेत. एक बुडी मारून वर येतात आणि म्हणतात, कली चांगला. दुसरी बुडी, शूद्र चांगला. तिसरी बुडी, बायका धन्य. ऋषी चक्रावतात. मग व्यास समजावतात: कृतात जे दहा वर्षांनी साधायचं ते कलीत एका दिवसात साधतं. किती मोकळं आहे हे! पण पुढे वाचलं की अट दिसते. शूद्राला सहज फळ मिळतं, कारण त्यानं द्विजांची सेवा केली की झालं. बाईला मिळतं, कारण तिनं पतीची सेवा केली की झालं. म्हणजे दार उघडलं, पण स्वयंपाकघराच्या बाजूचं.

ही अट सैल केली ती भक्तीनं. कलियुगात नाम घेतलं की पुरे, कृतयुगातल्या लोकांनाही कलीत जन्म हवासा वाटतो, हा विचार भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे, आणि त्याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, १५७३ साली काशीत पुरी केली. वारकरी परंपरेचा सगळा धीर या हिशेबावर उभा आहे. युग पडतं असेल, पण म्हणूनच साधन सोपं, आणि सोपं म्हणजे सर्वांचं. जनाबाईंचं, चोखोबांचं, सावता माळ्याचं. कलियुगाचा शिव्या देण्याऐवजी असाही उपयोग होऊ शकतो, हे आपल्या संतांनी दाखवलं, आणि याचं मोल बाबासाहेबांच्या त्या प्रकरणातून दिसत नाही. पण त्यांची बाजू घेऊन लगेच एवढंही सांगतो: नाम सर्वांचं झालं, देऊळ झालं नाही. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात जाता आलं नाही, आणि दलितांसाठी ते दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. कलीत सगळं सोपं म्हणणाऱ्यांनी हे एवढं सोपं का केलं नाही, हा प्रश्न उरतोच.

शेवटाकडे येतो. आपल्याकडेही एकदा तारीख ठरली होती, ते ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत. अष्टग्रही. यातला केतू तर ग्रहच नव्हे, चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला जिथं छेदते तो एक बिंदू. तरी देशभर यज्ञ झाले, अखंड पाठ बसले, लोकांनी प्रवास टाळले. पंतप्रधान नेहरूंनी या भीतीची जाहीर टिंगल केली. ५ तारीख गेली, काही झालं नाही. त्याच महिन्याच्या १९ ते २५ तारखेला देशात तिसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. लोक रांगा लावून मत देऊन आले. आणि अष्टग्रहीचं काय? ती चुकली, असं फार थोडे म्हणाले. यज्ञांमुळे संकट टळलं, असं म्हणणारेच जास्त निघाले. मिलरच्या अनुयायांनी घटना स्वर्गात नेली, आपण ती होमकुंडात टाकली. पण निदान तारीख होती, म्हणून पडताळा तरी घेता आला. कलियुगाला ती सोयही नाही.

मग कलियुग संपत का नाही? माझं उत्तर असं: ते संपलं तर आपल्याला बोलावं लागेल. ‘कलियुग आहे’ या दोन शब्दांत आपण दोन कामं उरकतो. जे बदलायला हवं, त्याला ‘व्हायचंच होतं’ म्हणून सोडून देतो. आणि जे बदललं हे चांगलं झालं, त्याला अंताचं लक्षण म्हणून नावं ठेवतो. आज नद्या खरोखर मरताहेत, पावसाचं वेळापत्रक बिघडलंय, शेतकरी गाव सोडतोय. यादीचा पहिला भाग खरा व्हायला लागलाय, आणि त्याला कारण युग नाही, माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. धोरणं आहेत, लोभ आहे, धूर आहे. अशा वेळी ‘कलियुग’ म्हणणं म्हणजे पंचनामा फाडून टाकणं.

तेव्हा हा शब्द वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. भाषेतून शब्द कुणाच्या सांगण्यानं जात नाहीत. एवढंच करा. पुढच्या वेळी घरात कुणी ‘कलियुग आलंय’ म्हणालं, की आदरानं, हसत, पण विचारा: यादीतल्या कुठल्या भागातलं म्हणताय काका? विहीर आटली त्याबद्दल, की सुनेनं नोकरी धरली त्याबद्दल? पहिल्याबद्दल असेल तर चला, बसून काहीतरी करू. दुसऱ्याबद्दल असेल तर तो जगाचा अंत नाही. कुणाच्या तरी जगाची ती सुरुवात आहे.

इथं थांबतो.  प्रश्न असतील तर आता घेऊ या.